अप्पांची गाडी बंद

आमच्या घरात नवी गाडी यायची ठरली, की आई सगळ्यांच्या चपला तपासायची. कुणाचा अंगठा सुटलाय, कुणाची टाच झिजलीय ते बघायची आणि बाजारात जाताना चांभाराकडे टाकून यायची. 'नवी' हा शब्द मी सवयीनं लिहिला. अप्पांनी आयुष्यात नवी गाडी घेतली नाही. त्यांना ती आवडायचीच नाही, निदान ते तसं म्हणायचे. "नव्या गाडीला काय कळतंय? जुन्या गाडीनं जग बघितलेलं असतंय." जग बघून दमलेल्या त्या गाड्या मग चामराजपेटच्या आमच्या बोळात येऊन विसावायच्या, आणि आम्ही दुरुस्त केलेल्या चपला घालून चालायला लागायचो.

अप्पांचं चष्म्याचं दुकान होतं. आजोबा निपाणीहून इकडं आले तेव्हापासूनचं. गिऱ्हाईक दुकानाच्या पायऱ्या कसं चढतंय, ते बघून अप्पा त्याचा नंबर सांगायचे आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघायचा. पण गाडी दिसली की ह्या माणसाच्या डोळ्यांवर झापड यायची. गाडी घ्यायला गेले की ते इंजिन बघत नसत, मालकाचा चेहरा बघत. मालक रडवेला असला तर म्हणत, "केवढा जीव आहे बघ ह्याचा गाडीवर!" मालक खुशीत असला तर म्हणत, "गाडीनं सुखात ठेवलेलं दिसतंय." ज्याच्या गळ्यातली धोंड उतरत होती तो खुशीत दिसणारच, हे आई बोलून दाखवायची. अप्पा त्यावर चष्मा काढून पुसायला घ्यायचे. चष्मा पुसताना त्यांना ऐकू येत नाही, असा घरात सगळ्यांचा समज होता.

मला आठवणारी पहिली गाडी वांग्याच्या रंगाची होती, म्हणून तिचं नाव वांगी. तिच्यात पुढं डाव्या बाजूला, म्हणजे आईच्या पायाखाली, पत्र्याला भोक पडलेलं होतं आणि त्यातून रस्ता पळताना दिसायचा. सुरुवातीला मला आणि अक्काला त्या भोकाचं फार कौतुक. आळीपाळीनं आईच्या पायाशी बसून आम्ही त्यातून शेण, चिंचोके आणि एकदा एक जिवंत खेकडा पळताना बघितला. मग एकदा लालबागेजवळ आईची चप्पल त्यातून खाली पडली. त्याच आठवड्यात पावसाच्या डबक्यातलं पाणी तिच्या इरकलीवर उडालं. तेव्हापासून आईनं घरातलं जुनं पोळपाट त्या भोकावर ठेवलं आणि ती पोळपाटावर पाय ठेवून बसायला लागली. सिग्नलला शेजारच्या बसमधले लोक वाकून बघायचे. आई सरळ समोर बघायची.

सहलीचं जेवण आई अंतर बघून बांधत नसे, गाडी बघून बांधत असे. नंदी हिल्सला जायचं म्हटलं की दोन वेळच्या भाकरी, शेंगाची चटणी, डबाभर चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, वर दहीभात आणि तो आंबट होऊ नये म्हणून मोसंबीएवढा बर्फ. देवनहळ्ळीच्या अलीकडं एक मोठं चिंचेचं झाड होतं. त्याच्या सावलीत आम्ही इतक्यांदा जेवलो की तिथली कुत्री आम्हाला ओळखायला लागली होती. नंदी हिल्सचा सूर्योदय मी लग्नानंतर पाहिला, तोही बसनं जाऊन.

मेकॅनिक पिल्लप्पा. त्याच्या तोंडी एकच वाक्य असायचं, "स्वल्प केलस इदे, सार." थोडंसं काम आहे, साहेब. बॉनेट उघडलं की स्वल्प, इंजिन उतरवून जमिनीवर मांडलं तरी स्वल्प. अक्का मराठीच्या पुस्तकात नुकतीच विरामचिन्हं शिकत होती. ती म्हणायची, "पिल्लप्पाचा स्वल्पविराम झाला की आपल्या गाडीचा पूर्णविराम येतो." अप्पांना हा विनोद आवडत नसे. पिल्लप्पाला मात्र तो कानडीत समजावून सांगितल्यावर तो दिवसभर हसला, आणि त्या दिवशी त्यानं ब्रेकच्या ऐवजी हॉर्न दुरुस्त करून ठेवला.

बोळातल्या प्रत्येक घरानं आमची गाडी ढकललेली होती. सकाळी दुकानाची वेळ झाली की अप्पा आत बसत आणि आम्ही दोघी बहिणी मागं उभ्या राहत असू. तेवढ्यात समोरचे पेन्शनर काका लुंगी आवरत येत, "एन् सार, मत्ते निंत्होय्ता?" पुन्हा थांबली काय, असं विचारत. मग उदबत्तीच्या कारखान्यातल्या बायका येत, हातांना काळा लगदा तसाच. आणि सगळे मिळून "तळ्ळी! तळ्ळी!" म्हणजे ढकला, ढकला, असं ओरडत गाडी मेन रोडपर्यंत नेत. वांगीच्या मागच्या बाजूला कायम चंदनाचा वास यायचा तो त्यामुळे. संध्याकाळी अप्पा दारात आले की आई पाण्याचा तांब्या पुढं करून एकच विचारायची, "चालू की बंद?" बंद असली तर ती चहा टाकायची, कारण अप्पा चालत आलेले असायचे.

आता मी मुलाकडे इलेक्ट्रॉनिक सिटीत राहते. त्याची गाडी विजेवर चालते आणि ती चालू झाल्याचं तिच्याशिवाय कुणालाच कळत नाही. मी दर वेळी विचारते, "चालू आहे का रे?" सून पुण्याची आहे, गोड आहे. ती म्हणते, "आई, ऑलरेडी आपण फ्लायओव्हरवर आहोत." तरी माझे पाय अजून खाली पोळपाट शोधत असतात.

वांगीनंतर एक पांढरी आली. तिचं अप्पांच्या बाजूचं दार कधी उघडलंच नाही, म्हणून ते आईच्या मांडीवरून आत जायचे. ती फार टिकली नाही आणि तिच्याबद्दल आई कधीच बोलली नाही. मग आल्या राणीसाहेब. चिकमगळूरच्या एका कॉफीमळ्याच्या मालकिणीची ही गाडी, काळीभोर, रुंद, आत सोफ्यासारख्या बैठका. मालकीण गाडी देताना रडली होती, त्यामुळे अप्पांनी आणखी काही बघायचा प्रश्नच नव्हता. राणीसाहेबांचा स्वभाव असा, की सकाळी गार असताना त्या शहाण्यासारख्या चालू व्हायच्या. पण एकदा तापून थांबल्या, की पूर्ण निवेपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. अप्पा म्हणायचे, घरात असा स्वभाव आणखी एकीचा आहे. हे मात्र ते आई स्वयंपाकघरात असतानाच म्हणायचे.

ह्याच राणीसाहेबांच्या काळात अक्काचं लग्न ठरलं. मुलगा धारवाडचा, माधव, कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. अक्काला तो फार आवडला होता. बघायला आला तेव्हा त्यानं पोह्यांतली मिरची चावून डोळ्यांत पाणी आणलं आणि तरी "अजून घेऊ का?" असं विचारलं, तेव्हाच ती पघळली. अडचण होती ती त्याच्या आईची. ह्या विहीणबाई वागायला सरळ होत्या, पण मुहूर्ताच्या बाबतीत लोखंड. त्यांच्या थोरल्या मुलाच्या लग्नात मुहूर्त हुकला होता, आणि त्यानंतर त्या घरात जे काही नासलं, दुधापासून संसारापर्यंत, ते सगळं त्या हुकलेल्या मुहूर्तामुळे, अशी त्यांची खात्री होती. साखरपुड्यातच त्यांनी सांगून टाकलं, "मुहूर्त टळला तर आम्ही अक्षता तशाच घेऊन धारवाडला परत. मग मला कुणी नावं ठेवायची नाहीत." त्या हे हसत म्हणाल्या, पण त्यांच्याबरोबरचं कुणी हसलं नाही.

त्या संध्याकाळी अक्का अप्पांपुढं जाऊन उभी राहिली. "अप्पा, माझ्या लग्नात तुम्ही काहीही करा. फक्त राणीसाहेब नकोत."

अप्पांनी चष्मा काढला नाही. ते म्हणाले, "नवरदेवाला आणायचं ते माझ्याच गाडीतनं. कुसुम, ह्या गाड्यांपायी सगळ्या चामराजपेटेनं मला हसून घेतलं. मी पण हसलो. पण तुझ्या लग्नात तुझ्या बापाची गाडी दारात लागावी, एवढं एकदा होऊ दे की गं."

अक्का "बरं," म्हणाली आणि न्हाणीघरात जाऊन रडली. मला दोघांचाही राग आला आणि दोघांचीही दया आली. आईनं मात्र माझ्या नव्या चपला लग्नाच्या सामानात भरून ठेवल्या.

लग्नाच्या कार्यालयाला आमच्याकडे छत्र म्हणतात. आमचं छत्र चामराजपेटेतच, मोठ्या रस्त्यापासून आत वळल्यावर बोळाच्या टोकाला. वऱ्हाड उतरलं होतं बसवनगुडीत. म्हणजे अंतर तसं काहीच नाही. करवली म्हणून मला अप्पांच्या शेजारी बसवलेलं, हातात कलश. अप्पांनी कोट घातलेला, डोक्याला कोशा फेटा, आणि राणीसाहेबांच्या नाकावर झेंडूचा हार. गाडी पहाटेच गार असताना चालू केलेली होती. एकदा थांबल्या तर पुन्हा चालू होणार नाहीत, म्हणून अप्पांनी ठरवलं होतं की इंजिन बंदच करायचं नाही. तिकडं नवरदेवाचा फेटा बांधून होईना, विहीणबाईंची पैठणी नेसून होईना, कुणाचा तरी काका हरवला तो सापडेना. आणि खाली राणीसाहेब आपल्या धडधडतायत, धडधडतायत. अप्पा मधून मधून बॉनेटला हात लावायचे आणि चटका बसल्यासारखा काढून घ्यायचे. तो चटका खराच बसत होता.

शेवटी सगळे बसले. मागं माधव आणि विहीणबाई. विहीणबाईंनी बैठकीवर हात फिरवून "छलो आहे गाडी!" म्हटलं. अप्पा इतके फुलले की त्यांनी रामकृष्ण आश्रमाच्या सर्कलला विनाकारण एक फेरी जास्त मारली. मी कलश घट्ट धरून मनातल्या मनात सगळ्या देवांची नावं घेत होते, त्यात पिल्लप्पाचंही घेतलं. आम्ही मोठा रस्ता सोडला. समोर वळण, आणि वळणापलीकडं छत्र. तिथं राणीसाहेबांनी एक लांब सुस्कारा सोडला, बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ आली आणि सगळं शांत झालं.

"काय झालं हो?" मागून आवाज आला.

"काही नाही, काही नाही," म्हणत अप्पा उतरले आणि कोट सावरत वळणाच्या कोपऱ्यापर्यंत पळत गेले. छत्राच्या फाटकाशी मामा उभा असणार, त्याला सांगितलं की तो दुसरी गाडी पाठवेल, असा त्यांचा विचार. मामा त्या वेळी आत कॉफी पीत होता. फाटकाशी छत्राचे मॅनेजर नंजुंडय्या होते. अप्पांना कानडी उत्तम येतं, पण घाबरलेला माणूस घरच्या भाषेत ओरडतो. आणि आमच्या घरात ह्या प्रसंगाला एकच शब्द होता. अप्पांनी दोन्ही हात वर करून जीव खाऊन तो ओरडून सांगितला, "बंदऽऽ! बंदऽऽ!"

कानडीत 'बंद' म्हणजे 'आला'.

नंजुंडय्यांनी तोच शब्द तसाच उचलला. "बंदऽ! मदुमग बंदऽ!" नवरदेव आला, नवरदेव आला, असं ओरडत ते आत पळाले. आम्हाला गाडीत एवढंच कळलं, की अप्पा हात हलवतायत आणि छत्रातून एकदम वाजंत्री सुरू झाली. नागस्वर, डोलू, सगळं. आत काय झालं ते नंतर मावशीनं मला इतक्यांदा सांगितलंय की ते मी डोळ्यांनी बघितलं असं मला वाटतं. भटजींनी "मुलीला आणा" म्हटलं. मामा कॉफी टाकून अक्काला घेऊन आला. अंतरपाट धरला गेला, त्याच्या एका बाजूला अक्का मान खाली घालून उभी आणि दुसऱ्या बाजूला कुणीच नाही. मावशीनं तर घाईघाईत पहिलं मंगलाष्टक सुरू केलं आणि मागच्या रांगेनं मोकळ्या पाटावर अक्षताही टाकल्या.

फाटकात नवरदेव नाही म्हटल्यावर सगळी मंडळी रस्त्यावर आली. पुढं वाजंत्री, मागं आई आरतीचं ताट घेऊन, तिच्यामागं पाहुण्यांचा लोंढा, सगळे आमच्या दिशेनं. वळणावर येऊन सगळे थबकले. मधोमध राणीसाहेब, नाकातून वाफ सोडत. आणि बाजूला अप्पा. त्यांचा फेटा सुटून खांद्यावर आला होता. मी आयुष्यात अप्पांचा असा चेहरा पुन्हा कधी बघितला नाही. आपल्या हातानं आपल्या लेकीचं लग्न मोडलं, असं त्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

विहीणबाईंनी काच खाली केली. "इथं का थांबवली गाडी?"

अप्पांनी तोंड उघडलं. ते खरं सांगणार होते, मला माहीत आहे, त्यांना दुसरं काही सुचतच नसे. पण त्यांच्या आधी आई बोलली. वांगीपासून आजपर्यंत कुठल्याच गाडीबद्दल एक चांगला शब्द न काढलेली माझी आई ताट घेऊन पुढं आली आणि शांतपणे म्हणाली, "आमच्यात असंच असतंय, विहीणबाई. नवरदेवाची गाडी कोपऱ्यावर थांबवायची. तिथनं पुढं मुलीकडच्यांनी वाजतगाजत हातानं न्यायची."

"इंजिन बंद करून?"

"इंजिनावर काय, कुणीपण आणतंय. जावई हातानं आणावा."

विहीणबाईंनी बॉनेटकडं बोट केलं. "आणि हा धूर?"

"धूप," आई म्हणाली.

मी माधवकडं बघितलं. फिजिक्सचा माणूस. त्यानं वाफेकडं बघितलं, अप्पांकडं बघितलं, मग माझ्याकडं वाकून हळूच विचारलं, "रेडिएटर?" मी मान हलवली. तो सरळ बसला, बॉनेटला दोन्ही हात जोडून त्यानं नमस्कार केला आणि आपल्या आईला म्हणाला, "फार प्रसन्न वास आहे नाही, आई?" अक्का सुखात राहणार, हे मला त्या क्षणी कळलं आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं. ते धुपानं आलं असं मी सगळ्यांना सांगितलं.

मग कुणीतरी "तळ्ळी!" म्हणून आरोळी दिली आणि आमचा अख्खा बोळ पुढं आला. पेन्शनर काका त्या दिवशी पंच्यात होते, उदबत्तीवाल्या बायका रेशमी साड्यांत, पण हातांना सवय होती. अप्पा आत बसून चाक धरून, पुढं नागस्वर, मागं पन्नासेक माणसं, आणि राणीसाहेब गोगलगायीच्या चालीनं छत्राच्या दारात. मुहूर्ताला वेळ उरला. विहीणबाई उतरताना आईचा हात धरून म्हणाल्या, "आमच्याकडं सगळं विसरत चाललंय बघा. तुम्ही जपलंय." आईनं डोळे खाली घातले. त्याला त्या विनय समजल्या.

ह्या गोष्टीचा पुढं फार विस्तार झाला. मागं अक्काच्या नातीचं लग्न धारवाडला झालं. मुलाकडचे कुठले तरी नागपूरचे होते. त्यांची भली मोठी नवीकोरी गाडी अक्काच्या दिरांनी कोपऱ्यावर थांबवून इंजिन बंद करायला लावलं. पोरगा विचारत होता, हे का? दीर म्हणाले, "आमच्यात परंपरा आहे." मी आणि अक्का एकमेकींकडं न बघता उभ्या होतो, कारण बघितलं असतं तर संपलंच होतं.

पण त्या दिवशीचं अजून राहिलंय. जेवणं झाली, उन्हं कलली. दुपारी पिल्लप्पा येऊन जेवून गेला आणि जाता जाता त्यानं राणीसाहेबांत पाणी ओतलं. पाठवणीच्या वेळी अप्पांनी किल्ली फिरवली तर गाडी चालू. आवाज एकसारखा, वाफ नाही, काही नाही. अप्पा अक्षरशः उजळले. लेकीला स्वतः चालवत बसवनगुडीपर्यंत सोडायचं, असं त्यांनी मला सांगून ठेवलं होतं. अक्का रडून रडून लाल झालेली, ती माधवशेजारी मागं बसली. एवढ्यात विहीणबाईंनी विचारलं, "जाताना पण तसंच ना? हातानं?"

आईनं अप्पांकडं बघितलं. अप्पांनी चालू गाडीची किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं आणि ते खाली उतरले. चाकावर माधवला बसायला सांगितलं आणि स्वतः मागं गेले. आम्ही सगळे हात लावायला पुढं झालो. अप्पा म्हणाले, "नको. हलकी आहे." ती हलकी नव्हती. तरी आम्ही मागं सरलो, फक्त पेन्शनर काकांनी गुपचूप एका कोपऱ्याला हात लावला. वाजंत्री नव्हती. माझे अप्पा एवढी वर्षं आत बसून चाक धरायचे आणि आम्ही मुली ढकलायचो. त्या दिवशी काचेतून अक्काचं डोकं दिसत होतं आणि मागून अप्पा ढकलत होते. कोपरा आला. कोपरा गेला. अप्पा थांबेनात.

शेवटी आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "सोडा आता," ती म्हणाली.

अप्पांनी हात काढले. पुढं माधवनं किल्ली फिरवली, आणि एकदा थांबल्यावर निवल्याशिवाय आयुष्यात कधी चालू न झालेल्या राणीसाहेब पहिल्याच फेरीला चालू झाल्या. गाडी वळली आणि दिसेनाशी झाली. अप्पा रस्त्याच्या मधोमध उभे होते, तळहात धुळीनं माखलेले. त्याच हातांनी त्यांनी डोळे पुसले.

"मेली," ते म्हणाले, "आजच बरी चालू झाली."